दोरी काढण्याआधी: कुत्रा अजिलिटीच्या क्लासला तयार आहे का?

अजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाच्या, क्लासची चौकशी करताना बहुतेक जण कुत्र्याचं एकच कौतुक सांगतात: खूप पळतो, सोफ्यावरून उड्या मारतो, दमतच नाही. पण पळणं आणि उडी मारणं कुत्र्याला शिकवावं लागत नाही. एका तासाच्या बॅचमध्ये ६ कुत्रे असतील तर एकेकाच्या वाट्याला मैदानावरची १० मिनिटं येतात. उरलेली ५० मिनिटं त्याला बाजूला बसून दुसऱ्यांचं पळणं बघायचं असतं. आणि स्वतःच्या त्या १० मिनिटांत, अंगावर दोरी नसताना, कोपऱ्यातला वास, कुंपणापलीकडची मांजर आणि बाजूला बसलेले पाच कुत्रे हे सगळं सोडून तुमच्याकडे यायचं असतं. म्हणून मी तयारी दोन गोष्टींवरून ठरवते. त्याला वाट बघता येते का, आणि सोडल्यावर तो परत येतो का.

हा खेळ १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आला. मुख्य स्पर्धांच्या मधल्या वेळेत करमणूक म्हणून, घोड्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या धर्तीवर कुत्रे पळवले गेले आणि पुढे त्याचा स्वतंत्र खेळ झाला. त्यात उड्यांचे अडथळे असतात, बोगदा असतो, ६० सेंटिमीटर अंतरावर ओळीने उभ्या केलेल्या १२ काठ्यांमधून नागमोडी जायचं असतं. शिवाय दोन्ही बाजूंनी उतरत्या छपरासारखी ए-फ्रेम, उंचावरची अरुंद फळी आणि सी-सॉ. स्पर्धेत पळताना माणसाने कुत्र्याला हात लावायचा नाही, हातात खाऊ किंवा खेळणं ठेवायचं नाही. आवाज आणि स्वतःच्या अंगाची हालचाल, एवढ्यावरच सगळं.

क्लासमध्येसुद्धा दोरी लवकर सुटते. पळत्या कुत्र्याची दोरी उडीच्या खांबात किंवा बोगद्याच्या कडेला अडकली की मानेला जोरदार झटका बसतो, कधी अख्खा खांब अंगावर येतो. त्यामुळे ‘सुरुवातीला दोरी लावून करू, मग बघू’ हा मार्ग अडथळ्यांवर फार काळ चालत नाही. दोरी काढता येईल की नाही, हे क्लासला नाव घालण्याआधीच ठरलेलं हवं.

आधी शरीर

पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात आणि हाड तिथूनच लांबीला वाढतं. लहान आणि मध्यम आकाराच्या कुत्र्यांमध्ये त्या वर्षभराच्या आसपास भरून येतात, लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डसारख्या मोठ्या कुत्र्यांना दीड वर्षापर्यंत वेळ लागू शकतो. तोवर पुन्हा पुन्हा उंच उडी मारली, किंवा काठ्यांमधून सतत कंबर वळवली, तर त्या पट्ट्यांना इजा होऊन पाय वाकडा वाढण्याचा धोका असतो. आंतरराष्ट्रीय संघटना एफसीआयच्या अजिलिटी स्पर्धेत १८ महिन्यांच्या आतला कुत्रा उतरवता येत नाही. याचा अर्थ दीड वर्ष घरी बसा असा नाही. ८-१० महिन्यांचं पिल्लू क्लासला जाऊ शकतं, फक्त उडीची आडवी पट्टी जमिनीवर ठेवलेली हवी, बोगदा सरळ हवा आणि फळी जमिनीलगत. पहिल्याच महिन्यात पिल्लाला पूर्ण उंचीची उडी मारायला लावणाऱ्या क्लासला मी कुत्रा नेणार नाही, तिथली बाकी व्यवस्था कितीही चांगली असली तरी.

वजन हाताने तपासा. मूठ वळून बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा बारीक आहे. तळहाताच्या मऊ भागासारखं लागलं, बरगड्या शोधाव्या लागल्या, तर जाड. सरळ ठेवलेल्या हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूसारखं लागलं तर ठीक. आपल्याकडे पोळी, दूधभात आणि वरून ट्रीट यामुळे घरातले लॅब्रॅडॉर सर्रास पाच-सहा किलो जास्त असतात, आणि उडीनंतर खाली येताना तो सगळा भार पुढच्या दोन पायांवर पडतो. आधी वजन, मग उडी.

चालताना दोन्ही मागचे पाय सशासारखे एकत्र उचलणं, बसताना एक पाय बाजूला टाकणं, जिना चढताना थबकणं, झोपेतून उठल्यावर पहिली काही पावलं अडखळणं, यातलं काहीही दिसलं तर आधी डॉक्टरांकडे. मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या खुब्यांचा एक्स-रे उड्या सुरू करण्याआधी काढून घेतलेला बरा. डॅक्सहुंडची लांब पाठ मणक्याच्या चकतीच्या त्रासाला फार लवकर बळी पडते, त्याला ए-फ्रेम आणि काठ्या नकोत असंच माझं मत आहे. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर ती लांब आहेत. वळताना पंजा नीट टेकत नाही आणि नख मुळापासून तुटतं.

रेबीजची आणि इतर वार्षिक लस चालू असावी, गोचिडांचं औषध वेळेवर दिलेलं असावं. माजावर आलेली कुत्री साधारण तीन आठवडे क्लासला आणू नये. नसबंदीनंतर टाके निघाले म्हणजे झालं असं समजू नका, पळण्या-उडण्याला डॉक्टरांचा स्पष्ट होकार घ्या.

हाक

इथे सगळ्यात जास्त लोक स्वतःची समजूत घालून घेतात. घरात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतो, म्हणजे येतो असं धरलं जातं. पण पार्किंगमधला प्रत्येक वास कुत्र्याला पाठ असतो. तिथे यायला फारसं काही सोडावं लागत नाही.

तपासायची माझी पद्धत अशी. फारसं न पाहिलेलं मैदान निवडा, कुंपण असलेलं. १० मीटरची दोरी लावा आणि ती जमिनीवर घसरू द्या. वेगवेगळ्या तीन दिवशी, दर वेळी दहा हाका. त्यातल्या तीन तो मोकळा रमतगमत असताना, चार कशाचा तरी वास घेत असताना, आणि तीन १५ मीटरवर दुसरा कुत्रा दिसत असताना. हाक एकदाच मारायची. दोन सेकंदांत मान वळली, कुत्रा सरळ तुमच्यापर्यंत आला आणि त्याने गळ्यातला पट्टा धरू दिला, तरच एक गुण. वहीत तीन रकाने करा आणि तिन्हींची बेरीज वेगळी ठेवा. ३० पैकी २७ हा आकडा चांगला वाटतो, पण गेलेले तिन्ही गुण दुसरा कुत्रा दिसतानाचे असतील तर तो कुत्रा क्लासला तयार नाही, कारण क्लासमधली प्रत्येक हाक त्याच रकान्यातली असते. त्या रकान्यात ९ पैकी ८ आल्याशिवाय मी हो म्हणत नाही.

दोरीबद्दल थोडं. ती हार्नेसच्या, म्हणजे छाती-खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांच्या, पाठीवरच्या कडीला लावायची, गळ्यातल्या पट्ट्याला कधीच नाही. १० मीटर वेग घेऊन कुत्रा अचानक थांबला तर तो धक्का मान सहन करू शकत नाही. हार्नेस छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा असावा, म्हणजे खांदे मोकळे राहतात. हाताला धरायचा फास कापून टाका, तो दगडात आणि मुळांत अडकतो. साधी नायलॉनची दोरी हातातून सरकली तर कातडं सोलते, म्हणून हातमोजे घाला आणि दोरी मनगटाला गुंडाळू नका. थांबवायचं असेल तर दोरीवर पाय ठेवा. आपोआप गुंडाळणारी डबीतली दोरी या कामाला निरुपयोगी आहे. तिचा ताण कुत्र्याला सतत जाणवतो, आणि तुम्हाला तपासायचं असतं ते ताण नसतानाचं वागणं.

हाक बिघडते ती घरातच. ‘ये’ हा शब्द दिवसभर सगळे वापरतात. आजी ‘ये रे’ म्हणतात, मुलं ‘ये ये ये’ म्हणत मागे पळतात आणि कुत्रा येवो न येवो, पुढे काहीच होत नाही. मग तोच शब्द अंघोळीला, नखं कापायला आणि बागेतून घरी निघायला. काही महिन्यांत ‘ये’चा अर्थ ‘मजा संपली’ असा होतो. असा शब्द दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवा घ्या किंवा शिट्टी घ्या. शिट्टीचा फायदा असा की तिच्यात तुमचा राग किंवा घाबरेपणा उतरत नाही. नव्या खुणेचा नियम एकच: दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा चांगला खाऊ देऊन लगेच परत सोडायचं, ज्या वासापासून बोलावलं त्याच वासाकडे. परत सोडणं हेच मोठं बक्षीस आहे. ते मिळतंय हे कळलं की कुत्रा यायला कचरत नाही.

दुसरा दोष म्हणजे कुत्रा येतो आणि दोन फुटांवर थांबून हुलकावणी देतो. क्लासमध्ये याने सगळ्यांचा खोळंबा होतो, कारण तुमचा कुत्रा दोरीला लागल्याशिवाय पुढचा सुटत नाही. बहुतेकदा चूक आपल्या हाताची असते. आपण वाकून, डोक्यावरून झडप घालतो. त्याऐवजी बाजूला वळून उभे राहा, हात हनुवटीखालून न्या, पट्ट्याला दोन बोटं लावा आणि लगेच खाऊ द्या. घरी दिवसातून २० वेळा, पाच-पाचच्या चार हप्त्यांत. आठवड्याभरात कुत्रा स्वतःहून मान पुढे करतो.

तिसरा दोष लक्षात यायला वेळ लागतो. काही कुत्रे दोरी असेपर्यंत अगदी शहाणे असतात आणि हुक सुटल्याचा ‘टक्’ ऐकू आला की पसार. त्यांनी ‘टक् म्हणजे सुटका’ एवढंच शिकलेलं असतं. यावर उपाय दोन दोऱ्यांचा आहे. एक हलकी लांब दोरी लावलेलीच राहू द्या, दुसरी नेहमीची मोठ्याने आवाज करत काढा, त्याच क्षणी खाऊ द्या, पुन्हा लावा. मग लांब दोरी टप्प्याटप्प्याने कापा: १० मीटरची ५, पाचाची २, शेवटी वीतभर तुकडा. कुठल्या दिवशी ती गेली हे कुत्र्याला कळता कामा नये.

आणि वयाचा हिशोब ठेवा. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ महिन्यांच्या आसपासचे कुत्रे, पाच महिन्यांचे असताना ऐकायचे त्यापेक्षा, आपल्याच माणसाचं कमी ऐकत होते, अनोळखी माणसाचं मात्र तितकं टाळत नव्हते. म्हणजे सहाव्या महिन्यात पक्की वाटणारी हाक नवव्या महिन्यात सुटली तर शिकवणं वाया गेलं असं नाही. परत लांब दोरीवर जा आणि चाचणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घ्या.

कारवान, पश्मी, मुधोळ या आपल्या शिकारी कुत्र्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. दिसलेल्या हालचालीमागे धावणं हे त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या निवडून आणलेलं आहे. त्यांच्या हाकेला ९ पैकी ९ गुण असले तरी बंदिस्त कुंपणाशिवाय दोरी काढू नये, मैदान कितीही मोकळं दिसलं तरी.

दुसरे कुत्रे

‘आमचा खूप फ्रेंडली आहे’ हे वाक्य मला काळजीत टाकतं. दोरी सुटल्याबरोबर प्रत्येक कुत्र्याला भेटायला धावणारा कुत्रा त्याच्या बाजूने प्रेमळ असेल, पण समोर दोरीला बांधलेला, घाबरट कुत्रा असेल तर त्याला पळायला जागा नसते. अशा एका धडकेने तो कुत्रा महिनोन्‌महिने मैदानात पाय ठेवायला तयार होत नाही. तयारी म्हणजे दुसरा कुत्रा दिसला तरी स्वतःचं काम करता येणं. तो आवडतो की नाही, हा प्रश्न नंतरचा.

अंतर मोजा. ओळखीतला एक शांत कुत्रा दोरीवर २० मीटरवर उभा करा. तुमच्या कुत्र्याला नावाने हाक मारा, खाऊ द्या, ‘बस’ सांगा. वळला, खाल्लं, बसला, असे तिन्ही होकार आले तर दोन मीटर पुढे. एक जरी नकार आला तर तिथे थांबा आणि ते अंतर लिहून ठेवा. क्लासमध्ये वाट बघणाऱ्या कुत्र्यांमध्ये चार-पाच मीटरची जागा मिळते, म्हणून तुमचा आकडा त्याहून कमी हवा. मग दुसरी पायरी: त्याच कुत्र्याला १५ मीटरवर चेंडूमागे पळवा. उभ्या कुत्र्याकडे ढुंकून न बघणारे कितीतरी कुत्रे पळणाऱ्या कुत्र्याला बघून किंचाळतात, दोरीवर उभे राहतात. मेंढ्या राखणाऱ्या जातींमध्ये हे जास्त, बॉर्डर कोली आणि जर्मन शेफर्डमध्ये तर नेहमीचंच. क्लासमध्ये दिसतं ते पळणंच, म्हणून दुसरी पायरी गाळू नका.

अंग वाचायला शिका. तोंड मिटलेलं, अंग ताठ, शेपूट वर आणि स्थिर, नजर दोन-तीन सेकंद हलत नाही: हे धोक्याचं आहे, तिथून लगेच वळवून न्या. कुईकुई, उड्या, पुढचे पाय आपटणं ही बहुधा भेटायला न मिळाल्याची चिडचिड असते. तीही क्लासला चालत नाही, पण अंतर वाढवून आणि सरावाने ती लवकर कमी होते. दुसऱ्या कुत्र्याला किंवा माणसाला चावून टाके पडण्याइतकी जखम केलेली असेल, तर गटात आणू नका. शिक्षकाकडे एकट्याचे तास घ्या आणि चावल्याचं पहिल्या फोनवरच सांगा.

आपल्या शहरांत एक जास्तीची भानगड असते ती रस्त्यावरच्या कुत्र्यांची. ती मैदानाबाहेर येतात, भुंकतात आणि आतला कुत्रा कुंपणाला समांतर धावत सुटतो. तुमचा कुत्रा गॅलरीतून खालच्या कुत्र्यांवर रोज अर्धा तास भुंकत असेल, तर हा सराव त्याचा आधीच पक्का झालेला आहे. गॅलरीच्या जाळीला खालून तीन-चार फूट हिरवी शेडनेट बांधा, म्हणजे त्याला खालचं दिसणार नाही. मैदानाच्या कुंपणालाही तशीच नेट लावलेली असेल तर त्या क्लासला माझ्याकडून एक गुण जास्त.

गावठी कुत्र्यांना हा खेळ शोभतो. अंग हलकं, सांधे मजबूत, वळणं चपळ. पण प्रौढ वयात रस्त्यावरून आणलेला कुत्रा असेल तर घरात रुळायला पाच-सहा महिने द्या, कारण उघड्या जागेत तो अजून चहूकडे लक्ष ठेवत असतो. तुमच्याकडे बघणं त्याच्यासाठी दुसऱ्या नंबरचं काम असतं.

सतरंजीवरची पंधरा मिनिटं

घरातली एक छोटी सतरंजी ठरवा आणि तीच क्लासला न्या. तिच्यावर आडवं पडलं की खाऊ मिळतो, एवढंच शिकवायचं. सुरुवात अर्ध्या मिनिटापासून, घरात. मग जिन्यात, गेटजवळ, बागेत. खाऊ पहिल्या दिवशी दर पाच सेकंदांनी, पुढे दर मिनिटाला, पुढे तीन मिनिटांनी. चाचणी म्हणजे रविवारी सकाळी गजबजलेल्या बागेच्या कडेला १५ मिनिटं. दोरीचं टोक तुमच्या पायाखाली, तुम्ही कोणाशी तरी बोलताय आणि कुत्रा पडून आहे. एक कुल्ला बाजूला टाकून, हनुवटी खाली ठेवून पडला तर तो खरंच सैलावला. स्फिंक्ससारखा, चारही पाय उडी मारायच्या बेतात ठेवून पडला, तर त्याने आज्ञा पाळली, पण आतून तो तापलेलाच आहे. असा कुत्रा स्वतःची पाळी येईपर्यंत थकतो आणि मैदानावर गेला की तुमच्या घोट्याला दात लावतो.

वाट बघायला कुत्र्याला बंद गाडीत ठेवणं आपल्या हवेत विसराच. काच थोडी खाली असली तरी गाडी काही मिनिटांत तापते.

खाऊवरून बरंच कळतं. चण्याच्या डाळीएवढे उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे ६०-८० तुकडे तासाला लागतात, तेवढं जेवण कमी करा. नव्या जागी घरातला आवडता खाऊ नाकारला तर कुत्रा ताणाखाली आहे. बोटं चावत हिसकावून घेतला तर तो प्रमाणाबाहेर उत्तेजित आहे. दोन्ही वेळा शिकणं बंद असतं. खेळण्याने खेळवत असाल तर ‘सोड’ म्हटल्यावर दोन सेकंदांत सुटायला हवं.

मैदानात मध्येच जमीन हुंगत लांब जाणं किंवा वेड्यासारख्या गोल फेऱ्या मारणं याला लोक मस्ती म्हणतात आणि ओरडतात. बहुतेक वेळा त्याला काय करायचं ते कळलेलं नसतं, किंवा जागा फार झालेली असते. ओरडलात की तुमच्याकडे न येण्याला आणखी एक कारण मिळतं. मागे धावू नका, उलट दिशेला पळा. आला की शाबासकी, आणि पुढचं काम निम्म्याने सोपं.

आवाजाचंही बघा. पाच मीटरवर स्टीलचं ताट पाडा. दचकला तरी हरकत नाही, दहा सेकंदांत सावरून खाऊ खाल्ला म्हणजे झालं. पलंगाखाली जाऊन अर्धा तास बाहेर आला नाही तर सी-सॉ त्याच्यासाठी लांबची गोष्ट आहे, कारण त्याची फळी जमिनीवर आदळते तेव्हा अस्साच आवाज होतो. त्याच कारणाने गणपती आणि दिवाळीच्या आसपासचे तीन-चार आठवडे नवा क्लास सुरू करायला वाईट. फटाक्यांनी आधीच ताणलेल्या कुत्र्याला एकदा मैदानाची भीती बसली की ती वर्षभर निघत नाही.

हवा आणि मैदान

एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसात-आठच्या पुढे चालणारा क्लास मी टाळते. आपल्या हाताच्या पंजाची मागची बाजू जमिनीवर सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याच्या तळव्यांनाही ती सोसणार नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं आणि ४१च्या पुढे जिवावर बेतू शकतं. जीभ टोकाला रुंद होऊन लोंबायला लागली, लाळ दाट झाली, मागचे पाय लटपटले, की थांबा. लगेच सावलीत न्या, अंगावर नळाचं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि मग डॉक्टरांकडे. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात हा खेळ नकोच.

पावसाळ्यात गवत निसरडं होतं, वळताना मागचा पाय घसरून गुडघ्याचा स्नायुबंध तुटू शकतो. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे) जंतू असू शकतात, म्हणून ती लस चुकवू नका आणि कुत्र्याला डबकं पिऊ देऊ नका. संक्रांतीनंतर मैदानावर मांजाचे तुकडे पडलेले असतात, दोरी काढण्याआधी एक फेरी मारून ते उचला.

क्लास बघायला पहिल्यांदा कुत्र्याशिवाय जा. कुंपण निदान चार-पाच फूट उंच हवं, खालून कुठे खड्डा नको, आणि एक फाटक उघडलं तरी दुसरं बंद राहील अशी सोय असली तर उत्तम. सुरुवातीच्या बॅचमध्ये एका वेळी एकच कुत्रा मोकळा हवा. उडीची पट्टी पाय लागला की सहज खाली पडायला हवी, बोगद्याला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या हव्यात, नाहीतर तो कुत्र्याला घेऊन लोळतो. फळ्यांना खरखरीत रबर हवं. खाली गवत किंवा माती असावी, सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक नको. आणि शिक्षकाच्या हातात काट्यांचा पट्टा, विजेचा झटका देणारा पट्टा किंवा गळा आवळणारी साखळी दिसली तर परत फिरा. धाकाने आलेला कुत्रा दोरी सुटली की त्या माणसापासून लांबच पळेल.

चाचणीत कमी पडला तर दीड-दोन महिने घरीच खूप काही करता येतं, आणि त्यातलं सगळं पुढे उपयोगी पडतं. हाताच्या तळव्याला नाक लावणं. उलट्या बादलीला वळसा घालून परत येणं, डावीकडून आणि उजवीकडून. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या शिडीच्या पायऱ्यांमधून एकेक पाय उचलत चालणं, त्याने मागच्या पायांची जाण येते. ३० सेंटिमीटर रुंदीची फळी जमिनीवर ठेवून तिच्यावरून चालणं, कारण उंचावरच्या फळीची रुंदीही साधारण तेवढीच असते. बसवून पाच मीटर पुढे जाणं आणि वळून बघेपर्यंत त्याने न उठणं. प्रत्येक खेळ तीन मिनिटांचा, दिवसातून दोनदा. मग वही काढून चाचणी पुन्हा.

काही कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्यांचा सहवास कधीच मानवत नाही. त्यांच्यासाठी वास शोधण्याचे खेळ उत्तम आहेत. तिथे एका वेळी एकच कुत्रा काम करतो, दोरी लावूनही करता येतं, आणि थोड्या वेळाच्या हुंगण्यानेही त्याचं डोकं चांगलंच दमतं.

तयार असलेल्या कुत्र्याच्या पहिल्या दिवसासाठी २० मिनिटं आधी पोचा. बाहेर शी-शू होऊ द्या, दोरीवर कुंपणाच्या कडेने एक फेरी मारून वास घेऊ द्या, मग सतरंजी. पहिल्यांदा दोरी काढायला बोगदा सगळ्यात चांगला: तो अकॉर्डियनसारखा दाबून जेमतेम मीटरभर करा, कुत्र्याला शिक्षकाने हार्नेसला धरायचं, तुम्ही पलीकडच्या तोंडाशी बसून आत डोकावायचं आणि नाव घ्यायचं. बाहेर आला की पट्ट्याला बोटं, खाऊ, दोरी. असं तीनदा झालं की परत सतरंजीवर न्या आणि त्या दिवशी दोरी पुन्हा काढू नका.